माथाडीचा कायदा कोणी सांभाळला?

(दृश्य: कांदा-बटाटा मार्केट, पहाट. ट्रकचं फाळकं पडतं.)

लोक याला वाशीचं मार्केट म्हणतात, पण ते आहे तुर्भ्यात. नाशिककडून, नगरकडून, पुणे जिल्ह्यातून रात्रीतून आलेल्या गाड्या रांगेत उभ्या आहेत. फाळकं पडलं की माथाडींची, म्हणजे डोक्या-पाठीवर ओझं वाहणाऱ्या हमालांची, टोळी पुढे सरकते. दोघे गाडीत चढतात आणि गोण्या कडेला ओढून आणतात. खालचा माणूस पाठ देतो, मान पुढे घालतो. गोणी मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मधोमध येऊन बसते.

पाय बघा त्यांचे. गुडघा जरासा वाकलेला, पाऊल सपाट. ओल्या फरशीवर कांद्याची सालं पसरलेली असतात, आणि पन्नास किलो पाठीवर असताना घसरून चालत नाही.

(दृश्य: धान्य बाजार. गाळ्याच्या आत थप्पी लागते आहे.)

इथे हातात लोखंडी आकडा आला. तागाच्या पोत्याला आकडा लावायचा, झटका द्यायचा आणि त्याच झटक्यात पोतं उचलायचं. थप्पी लावणं हे या कामातलं खरं कसब. एक थर आडवा, त्यावरचा उभा, म्हणजे पोती एकमेकांना धरून राहतात. थप्पी छतापर्यंत चढली की फळी लावतात आणि पोतं पाठीवर घेऊनच त्या फळीवरून वर जातात. पूर्वी हे पोतं शंभर किलोचं असायचं.

(दृश्य: मुकादम वहीत नोंद करतो आहे.)

ही वही नीट बघा, कारण आपला विषय या वहीतच आहे. आज ही टोळी तीन-चार व्यापाऱ्यांचा माल उतरवेल. उद्या गाळे वेगळे, परवा आणखी वेगळे. मग या माणसाचा मालक कोण? कारखान्यातल्या कामगाराला मालक दाखवता येतो. हमालाला विचारलं तर प्रत्येक गाळेवाला म्हणायचा, हा माझा माणूस नाही. त्यामुळे रजा नाही, बोनस नाही, फंड नाही. पोत्याखाली कंबर गेली तर मुलाला गावाहून बोलवायचं आणि स्वतः परत जायचं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. मशीद बंदर, दाणाबंदर, हातगाड्या.)

तेव्हा बाजार मुंबईतच होता, मशीद बंदरला. सातारा, सांगली आणि पुणे जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यातली माणसं इथे यायची. गावकीच्या एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायची, खानावळीत जेवायची. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी याच माणसांना एकत्र करून युनियन बांधली. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत 1950 च्या दशकापासून काम करत होती. अण्णासाहेब काँग्रेसच्या जवळचे, बाबा समाजवादी. मागणी मात्र एकच होती: आमच्यासाठी कायदा करा.

1967 च्या निवडणुकीनंतर विधानसभेत काँग्रेसचं भक्कम बहुमत होतं. विरोधी बाकांवर सर्वांत मोठा पक्ष होता शेतकरी कामगार पक्ष. त्याच्या जोडीला कम्युनिस्ट आणि समाजवादी. बाहेर बंद आणि मोर्चे. अशा काळात, 1969 साली, वसंतराव नाईकांच्या सरकारने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. देशात असा कायदा पहिलाच. केरळने आपल्या हमालांसाठी कायदा केला तो 1978 मध्ये.

(दृश्य: माथाडी मंडळाचं कार्यालय. खिडकीपाशी रांग, नोंदणीची कार्डं.)

मालक कोण, या प्रश्नाला कायद्याने दिलेलं उत्तर फार हुशारीचं आहे. एक मालक सापडत नाही ना? मग बाजारातल्या सगळ्या व्यापाऱ्यांची नोंदणी करा, सगळ्या कामगारांची नोंदणी करा, आणि मध्ये मंडळ उभं करा. मंडळावर व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि सरकारचे प्रतिनिधी. व्यापारी मजुरी हमालाच्या हातावर ठेवत नाही. टोळीचा महिन्याचा हिशोब होतो आणि तो मजुरी मंडळात भरतो. मजुरीवर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्हीही भरतो. या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना. टोळीची मजुरी टोळीत वाटली जाते. दहा गाळ्यांवर काम केलं तरी खातं एकच राहतं.

(दृश्य: घणसोली, कोपरखैरणे. माथाडी वसाहत, शाळेला निघालेली मुलं.)

ही घरं आणि कोपरखैरण्याचं हे माथाडी रुग्णालय, सगळं त्या रचनेवर उभं राहिलं. 1981 मध्ये याच नमुन्यावर खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला.

कामगारांच्या हिताचं धोरण कोणत्या पक्षाचं, या प्रश्नाकडे मी इथून, या मार्केटातून बघतो. जाहीरनामे सगळ्यांचेच गोड असतात. माथाडीच्या पोराने विचारायचं ते एवढंच: तुमच्या राजवटीत मंडळ मजबूत झालं की पातळ?

(दृश्य: बंद मार्केट. कुलूप लावलेले गाळे, रिकामे रस्ते.)

श्रेय काँग्रेसला द्यावंच लागेल. कायदा त्यांनी केला, पण तो करायला भाग पाडणारे डावे आणि समाजवादी समोर होते, हे विसरून चालणार नाही. ते बळ ओसरलं तसा काँग्रेसचा हातही सैल झाला. बाजार समित्यांबाहेर खासगी बाजारांना वाट देणारा आदर्श कायदा, म्हणजे राज्यांसाठीचा नमुना, केंद्राने आणला 2003 मध्ये, वाजपेयींच्या काळात. महाराष्ट्रात ती वाट मोकळी केली काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने. बाजाराच्या आवाराबाहेर माल गेला की मंडळाची पकड सुटते, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही.

भाजपच्या राज्यात मात्र घाव थेट पडू लागले. जुलै 2016 मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. कारण दिलं शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याचं, आणि शेतकऱ्याला अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, डाचत होती हे खरंही आहे. पण अडत काढायला हमालाची लेव्ही बुडवावी लागत नाही. त्यानंतर कंत्राटी कामगार कायदा लागू होण्याची मर्यादा वीसवरून पन्नास माणसांवर नेली. 2018 च्या सुरुवातीला सगळी माथाडी मंडळं एकत्र करण्याचा घाट होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाजार समिती कायद्यातला आणखी एक बदल आला. माथाडींनी बंद पुकारला आणि सरकारला विधेयक मागे घ्यावं लागलं.

(दृश्य: मोर्चा, झेंडे, घोषणा. मूळ आवाज वाढवा.)

2023 मध्ये माथाडी कायद्यालाच हात घालणारं विधेयक आलं. तेव्हा सरकार शिंदे, फडणवीस आणि अजित पवारांचं होतं. युनियनच्या नावाखाली खंडणी घेणाऱ्या टोळ्यांना आळा घालायचा, असं सांगितलं गेलं. असे लोक आहेत, आणि खऱ्या माथाडीलाही ते नकोच आहेत. त्यांच्यासाठी पोलीस आहेत, फौजदारी कायदा आहे. विधेयकात मात्र अंगमेहनतीच्या कामाची व्याख्याच आवळायची होती. डिसेंबरमध्ये मार्केट पुन्हा बंद झालं.

(दृश्य: पुन्हा कांदा-बटाटा मार्केट, दुपार. टोळी सावलीत बसून डबा खाते आहे.)

या टोळीत भाजपला मत देणारे आहेत, दोन्ही शिवसेनांचे आहेत, दोन्ही राष्ट्रवादींचे आहेत. माथाडींचे पुढारीही वेगवेगळ्या पक्षांत आहेत. माझं मत मी लपवत नाही. गेल्या दहा वर्षांत या कायद्याला सर्वाधिक धोका भाजपच्या धोरणांनी निर्माण केला. काँग्रेसने तो जन्माला घातला, आणि पुढे काँग्रेस व दोन्ही राष्ट्रवादींनी तो वाऱ्यावर सोडला. सातत्याने बाजूने उभे राहिले ते डावे, आणि विधानसभेत त्यांचे आमदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

नव्या गोदामांमध्ये तेच वजन कंत्राटदाराच्या माणसांच्या पाठीवर आहे, रोजंदारीवर, लेव्हीशिवाय. जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या केंद्राच्या चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून देशभर लागू झाल्या आहेत. माथाडी कायद्याला धक्का लागणार नाही हे राज्य सरकारने विधानसभेत लेखी सांगावं, आणि गोदामांतल्या भरणी-उतरणीच्या कामगारांची मंडळात नोंदणी सक्तीने करावी. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून या दोन गोष्टींवर सही घ्या.