राईतल्या पाण्याचा माग

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीचे फोव खाऊन झाले, आकाश निवळलं, की गोव्यातली माणसं बाहेर पडायला लागतात. कुणी किनाऱ्यावर जातं, कुणी दूधसागरावर, कुणी चोर्ल्याच्या घाटात. मी आज तुम्हाला सत्तरी तालुक्यात बोलावणार आहे, आणि तेही दलदलीत चालायला. सहलीसाठी दलदल कुणी सुचवत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही गोव्याच्या जंगलात आज जे काही पाहण्यासारखं उरलंय, त्यात मी ह्या चिखलाला सगळ्यात वरचं स्थान देते.

वाळपईहून नानोड्याच्या बाजूला गेलं की बांबर लागतं. तिथे निरंकाराची राई, म्हणजे देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेली, म्हणून तिथे कुऱ्हाड चालत नाही. ह्या राईतून बारीकसा व्हाळ, म्हणजे ओढा, वाहतो, आणि तो जिथे पसरतो तिथे जायफळाच्या कुळातली रानटी झाडं पाण्यात पाय रोवून उभी आहेत. वनस्पतिशास्त्रात ह्या जंगलाला मिरिस्टिका स्वॅम्प म्हणतात. भारतात त्याची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली ती 1960 मध्ये, खाली त्रावणकोरच्या बाजूला. मग उत्तर कन्नडात अशी जंगलं सापडत गेली, आणि आपल्याकडे नोंद व्हायला 1990 चं दशक उजाडलं. गावाला अर्थातच ती राई पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे असंच एक जंगल आहे. तीही देवराईच. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं.

आता चालण्याबद्दल. दहा-बारा माणसांच्या वर गट नको. गावातला एक जाणता माणूस बरोबर हवाच, आणि आदल्या आठवड्यात गावात आणि वनखात्याकडे विचारून ठेवायचं. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. अंतर फार नसतं, वेळ मात्र सगळा दिवस लागतो. भरभर चालणाऱ्याला दलदल दिसतच नाही, नुसता चिखल दिसतो.

मी गट घेऊन जाते तेव्हा सुरुवात कुळागरापासून करते. पोफळी, माड, केळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, आणि मधूनच एखादं जायफळाचं झाड. पिकलेलं फळ उकलून आत काळपट बी आणि तिच्याभोवती लाल जायपत्री गुंडाळलेली असते, ती सगळ्यांना हातात घेऊन बघायला सांगते. हे जायफळ मूळचं दूर पूर्वेकडच्या बांदा बेटांवरचं. माणसाने आणलेलं, कुळागरात रुजलेलं. राईत ज्यांना भेटायला जायचं ते ह्याचे इथले सख्खे नातेवाईक, सह्याद्रीतच वाढलेले. त्यांच्या बीला हा सुवास नाही. त्यातल्या एकाची पत्री रामपत्री म्हणून मसाल्याच्या बाजारात विकली जाते. तुमच्यापैकी कुणाच्या घरच्या गरम मसाल्यातही ती असेल.

कुळागरातून पाट धरायचा आणि पाण्याच्या उलट दिशेने चालत राहायचं. दिवसभराची वाट हीच. पाट व्हाळाला मिळतो, व्हाळ राईत शिरतो. बाहेर किंदळ आणि माट्टीची उंच झाडं, पायाखाली वाळकी पानं, ऊन. राईत शिरताच पानांचा आवाज थांबतो. जमीन भिजलेली असते, उजेड हिरवा होतो आणि उकाडा एकदम उतरतो. केवड्याची बनं, वेताची काटेरी जाळी, नेच्यांचे झुबके. इथे सगळ्यांनी एका रांगेत यायचं, पुढच्याच्या पावलावर पाऊल. पहिल्याच वेळी आमच्याबरोबरच्या आजोबांनी आम्हाला काठावर थांबवून बजावलं होतं, “बाबांनो, दगडावर पाय द्या, चिखलात द्या, पण मुळांवर देऊ नका.” तेव्हापासून मी तेच वाक्य जसंच्या तसं पुढे सांगत आले आहे.

मुळांविषयी जरा सविस्तर सांगते, कारण एवढ्या लांब यायचं ते त्यांच्यासाठीच.

झाडाच्या मुळांनाही श्वास लागतो. सुक्या मातीत कणांच्या फटींतून हवा खेळते. दलदलीत त्या फटी पाण्याने भरलेल्या असतात, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. अशा चिखलात आंबा लावा, फणस लावा, मुळं कुजून जातील. ही झाडं मात्र तिथेच वाढतात, आणि त्यासाठी त्यांनी मुळं वर काढली आहेत. एका जातीची मुळं चिखलातून वर येतात, वाकतात आणि परत खाली जातात. वितभर उंचीचे गुडघेच गुडघे, पार व्हाळाच्या काठापर्यंत. त्यांना म्हणतातही गुडघामुळंच. दुसऱ्या जातीच्या बुंध्याला माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवरून तिरकी आधारमुळं फुटतात, आणि झाड त्यांच्यावर पेललेलं राहतं. ह्या जातीचं शास्त्रीय नाव मिरिस्टिका मॅग्निफिका. ती फक्त पश्चिम घाटात आढळते, आणि तिथेही आता धोक्यात आहे.

एखाद्या गुडघ्यापाशी उकिडवं बसून बघा. सालीवर बारीक, फिकट, खरखरीत ठिपके दिसतील. हवा त्यांतूनच आत जाते. गुडघ्याच्या एका बाजूला शेवाळ, दुसऱ्या बाजूला चिखलाचा सुकलेला पापुद्रा. त्या पापुद्र्याची वरची कड बघितली की पावसात पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं. खाली बोटभर खोलीचं पाणी असतं, इतकं संथ की थांबलेलंच वाटावं. त्यात एक वाळकं पान सोडलं आणि धीर धरून बघितलं, तर ते हलतं. वाहतं पाणी आहे ते. साचलेल्या डबक्यात हे जंगल होत नाही. हा गुडघा बुटाखाली चिरडला, किंवा वरून वाहून आलेल्या मातीने बुजला, तर झाडाचा श्वास तेवढा कमी होतो. आजोबा सांगत होते ते ह्यासाठी.

बियांचंही असंच आहे. ह्या झाडांची बी वाळली की मेली. साठवून ठेवता येत नाही, पुढच्या वर्षी पेरता येत नाही. ती पडल्यावर लवकरच ओल्या मातीत रुजावी लागते. धनेशासारखे पक्षी पत्रीसाठी बी गिळतात आणि दुसरीकडे टाकतात. त्यातली एखादी नेमकी ओलाव्यात पडली तरच रोप. धनेशाच्या भारतात आढळणाऱ्या जातींपैकी चार आपल्या गोव्यात आहेत, आणि राईत थोडा वेळ गप्प बसलात तर मलबारी राखी धनेशाचं खिदळल्यासारखं ओरडणं बहुतेक वेळा ऐकू येतंच. डोक्यावर पांढरं, काळ्या रेघांचं एक मोठं फुलपाखरू तरंगत जाईल. पंख फारसे न हलवता, वाऱ्यावर सोडून दिल्यासारखं. मलबार ट्री निम्फ त्याचं नाव. मुलं बरोबर असली तर त्यांना तेच आठवणीत राहतं. माझ्या मते मुलांना इथे आणावंच. मोठी माणसं फोटो काढत पुढे जातात, मुलं चिखलात बघत बसतात.

काळजीच्या दोन गोष्टी सांगते, आणि त्या गंभीरपणे घ्या. पावसाळ्यात आणि पावसाळा सरता सरता जळवा असतात. त्या त्रासदायक असल्या तरी घाबरण्यासारखं काही नाही. गोचिडीचं मात्र वेगळं आहे. माकडताप गोचिडींतून पसरतो, 2015 च्या सुमारास सत्तरीत त्याचे रुग्ण सापडले, आणि माणसं दगावलीसुद्धा. ह्या तापाचा मोसम साधारण डिसेंबर ते मे. त्या दिवसांत जायचं तर आधी वाळपईच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यांत खोचा. पाचोळ्यावर बसू नका. घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करा, अंग नीट तपासा, गुडघ्यांच्या मागे आणि केसांतही. रानात मेलेलं माकड दिसलं तर त्याच्या जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. नंतरच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरला सांगा की आपण सत्तरीच्या जंगलात गेलो होतो. एवढं वाक्य सांगितलं गेलं तर निदान लवकर होतं.

दुपारचं जेवण राईच्या बाहेर, व्हाळाच्या वरच्या अंगाला, खडकावर. राईच्या आत खाणं नाही, प्लास्टिक नाही, मोठ्याने बोलणं नाही. तिथून पुन्हा पाण्याचा माग घेत वर चढायचं. जंगल सुकं होत जातं, भेरली माड दिसायला लागतात, व्हाळ अरुंद होत जातो, आणि शेवटी एका कपारीत ओली माती आणि थेंब थेंब पाझर तेवढा उरतो. मागून येणाऱ्यांची रांग तिथे आपोआप थांबते. खालची सगळी झाडं ह्या पाझरावर उभी आहेत. माझ्या गटांत ह्या जागी हमखास कुणीतरी विचारतं की उन्हाळ्यात हे टिकतं का.

खरा प्रश्न तोच आहे. पाऊस चार महिने दणकून पडतो, तेव्हा सगळीच जमीन दलदल असते. ह्या झाडांची परीक्षा मार्च, एप्रिल, मे. त्या महिन्यांतही मुळाशी पाणी वाहतं राहिलं तरच राई राहते. वरच्या डोंगरावर झाडं तुटली, काजूसाठी उतार उघडा केला, कूपनलिका खणल्या, किंवा व्हाळ वरच्या वरच पाइपात घातला, की पाझर आधी आटतो आणि राई मागाहून. झाडं पटकन मरत नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. जुनी झाडं उभी दिसतात, पण खाली नवं रोप एकही नसतं. कुळागरवाल्यांना मी दोष देत नाही. पाटाचं पाणी पाळीपाळीने वाटून घेण्याची रीत त्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळली, आणि तीत राईच्या वाट्याचं पाणी सुटत राहिलं. पंपाला पाळी कळत नाही.

म्हादईच्या पाण्याबद्दल आपण सगळे बोलतो. ह्या नदीच्या पाण्यावरून तीन राज्यांचा तंटा आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये लवादाने निवाडा दिला, कर्नाटकाला 13.42 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), महाराष्ट्राला 1.33, गोव्याला 24. हे आकडे गोव्यात कुणालाही पाठ आहेत, आणि त्या लढ्यात मी मनापासून गोव्याच्या बाजूने आहे. पण नदी मोजायची ती टीएमसीत, आणि राई जगते ती बोटभर खोलीच्या पाण्यावर. ते बोटभर पाणी कुठल्याच निवाड्यात लिहिलेलं नाही. ते आपल्या गावातच ठरतं, पाटावर आणि पंपावर.

ज्यांना सत्तरीपर्यंत येणं जमत नाही त्यांनी ह्याच नदीचं दुसरं टोक बघावं. म्हादई खाली मांडवी होते. रायबंदरहून फेरीने चोडणला उतरलं की लगेच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, 1988 पासूनचं. तिथेही चिखलात हवा नाही, वर पाणी खारं, आणि भरती-ओहोटी रोज दोनदा. तिवराची श्वासमुळं चिखलातून सरळ उभी वर आलेली दिसतील, कांदळाची आधारमुळं कमानी करून उतरलेली दिसतील. जायफळाच्या कुळाशी त्यांचं काही नातं नाही. तरी त्याच अडचणीवर त्यांनी काढलेली वाट तीच. ओहोटीला जा, म्हणजे मुळं उघडी पडतात आणि त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, उड्या मारताना दिसतात. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तेव्हा आदल्या दिवशीचं वेळापत्रक चालत नाही.

जे सत्तरीत येतील त्यांना माझं एक मागणं आहे. नोव्हेंबरात याल तेव्हा व्हाळावरची एक जागा ठरवून ठेवा, एखादा मोठा दगड किंवा एखादं झाड, आणि तिथे पाणी किती खोल आहे ते साध्या पट्टीने मोजा. तारीख घालून लिहून ठेवा. मग एप्रिलमध्ये, आरोग्य केंद्रात विचारून, दोघं-तिघंच त्याच जागी परत या आणि पुन्हा मोजा. आजूबाजूला जायफळकुळातली नवी रोपं दिसतात का, कुठे दिसतात, तेही लिहा. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार पंचायतीपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही तिने ठेवायची असते. तुमचा कागद त्या समितीच्या हाती द्या, आणि नोंदवहीत चढला की नाही ते पुढच्या नोव्हेंबरात विचारा.

नमस्कार.