दुकानाला निळी काच लावायची? थांबा, आधी हे बघा

नमस्कार मंडळी. हा तुकडा बघा. (एसीपी शीट कॅमेऱ्यासमोर) दोन्ही बाजूंना पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मधे काळं प्लास्टिक. हायवेच्या कडेला नवं कॉम्प्लेक्स उभं राहिलं की समोरून एकतर हे, नाहीतर काच. परवा एका गाळेमालकाने विचारलं, "भाऊ, पूर्ण समोरून निळी काच लावाची हाय. परवानगी कोन देते?"

ते जागेवर अवलंबून आहे. गावठाणात असाल तर ग्रामपंचायत. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 52. बाहेर एनए, म्हणजे बिगरशेती, जमिनीवर बांधत असाल तर महसूल आणि नगररचना विभाग. नियमांचं पुस्तक 2020 पासून यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली. पण त्यात "दर्शनी भिंतीला इतके टक्के दगड लावा" असं शोधत बसू नका. आपल्याकडे साध्या गावात कोणी रंग विचारायला येत नाही.

लोणारचं दैत्यसूदन मंदिर किंवा गडचिरोलीतलं मार्कंडा, अशा केंद्र-संरक्षित स्मारकाजवळ मात्र गोष्ट वेगळी. 100 मीटरच्या आत नवं बांधकामच नाही, आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये वेगळी परवानगी. ती आली नसताना पाया खोदू नका.

अन् एक नियम सगळ्यांनाच लागू, तरी विसरला जातो: पाटी! दुकाने कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानालाही मराठी देवनागरी पाटी लागते, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. एसीपीवर अक्षरं कापायला देण्याआधी हे बघा, नाहीतर खर्च दोनदा.

आता आगीचं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 2017 साली 72 माणसं गेली. बाहेरच्या शीटमधलं हेच प्लास्टिक पेटून आग वर चढली. म्हणून शीट घेताना गाभा कशाचा आहे ते विचारा. फायर रेटेड म्हणाला तर टेस्ट सर्टिफिकेट मागा, नुसता बिलावरचा शिक्का नको. पूर्ण काच असेल तर धूर बाहेर जायला उघडणारी तावदानं हवीत, आणि स्लॅब व काचेमधली फट आग न पकडणाऱ्या मालाने बुजवलेली हवी. ती फट उघडी राहिली तर तीच आगीची चिमणी होते.

पण खरं सांगू? आपल्याकडे विदर्भात कागदावरच्या नियमापेक्षा ऊन जास्त कडक आहे. पारा 45 च्या वर जातो तेव्हा पश्चिमेची काच म्हणजे भट्टी. ऊन आत येतं, तापलेल्या वस्तूंची उष्णता काचेतून सहज परत जात नाही. एसी लावला, अन् लाइन गेली की काय? मोठ्या इमारतींसाठी, म्हणजे 100 किलोवॅट किंवा जास्त लोड असलेल्या, ऊर्जा संवर्धन संहिता खिडक्यांना भिंतीच्या साधारण 40 टक्क्यांपर्यंतच जागा देते. तुमचे आठ-दहा गाळे त्यात येणार नाहीत, पण आकडा उधार घ्यायला पैसे लागत नाहीत. पश्चिमेला नुसता छज्जा पुरत नाही, ऊन तिरपं येतं. तिथे सिमेंटची जाळी लावा.

ही एसीपीही उन्हाने वाढते. आठ फुटी गडद शीट डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत तीन-चार मिलिमीटर लांब होते. फिटरने फट न सोडता चिकटवली तर ती फुगणार. आणि फुगली की पावसाळ्यात पाणी मागे.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी बोअरच्या पाण्यात प्लास्टर कालवू नका. वर्षात लोणा, म्हणजे मिठाचा थर, धरतो, पापुद्रे सुटतात, मग महागडा रंगही त्याच्यासोबत खाली. सळईच्या काँक्रीटच्या पाण्यातही लिटरमागे क्लोराइड 500 मिलिग्रॅमच्या आतच हवं. पाण्याची तपासणी करून घ्या, टँकर परवडेल.

त्या गाळेमालकाचं काय झालं? काच खाली शटरमागे, तेवढीच. वर जाळी, पांढरा रंग, मराठी पाटी. पाटीखाली त्याने निळी पट्टी ठेवलीच. ठेवू द्या.