नकाशावर म्हशी कुठं आहेत?

नमस्कार मंडळी!

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी किती फुटावर?" पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. नदीकाठच्या घरांत हे आकडे तोंडपाठ असतात.

हल्ली 'सिस्टिम्स चेंज'साठी, म्हणजे अख्खी व्यवस्थाच बदलण्यासाठी, डिझाइन शिकवणाऱ्या कार्यशाळा निघाल्यात, ऑनलाइन कोर्सही आहेत. डिझाइन म्हटलं की आपल्याला चपलेवरची वेणी नाहीतर पोस्टर आठवतं. इथं मात्र हात घालायचा असतो तो व्यवस्थेत. कोण काय ठरवतं? कुणाला काय कळतं आणि कधी?

या विषयात डोनेला मेडोज या अमेरिकन अभ्यासक बाईंचं नाव सारखं ऐकू येईल. १९९९ मध्ये त्यांनी व्यवस्था हलवायच्या बारा जागा मांडल्या. सगळ्यात कमी जोराची जागा म्हणजे आकडे बदलणं, म्हणजे अनुदान थोडं वाढवा, दंड थोडा वाढवा. माहिती कुणापर्यंत पोचते, ही त्याहून जोरदार जागा. त्यांचंच उदाहरण बघा. ॲमस्टरडॅमजवळ एकसारखी घरं होती. काहींचा विजेचा मीटर तळघरात, काहींचा दारातच. दारात मीटर असलेल्या घरांत वीज सुमारे ३० टक्के कमी जळायची. दर तोच, नियम तेच, फक्त मीटर डोळ्यांसमोर! आपल्या बंधाऱ्यावरची फूटपट्टी हेच काम करते, असं मला मनापासून वाटतं.

कार्यशाळेत मोठ्या कागदावर अख्ख्या प्रश्नाचा नकाशा काढायला लावतात. ओस्लोचे डिझाइनचे प्राध्यापक बिर्गर सेवाल्डसन त्याला 'गिगामॅप' म्हणतात. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा आमच्या गटानं पूरच घेतला. राधानगरी धरणाचे आपोआप उघडणारे दरवाजे, अलमट्टी धरणाचा साठा, पूररेषेतली बांधकामं, सगळं आलं. बाणांनी कागद भरला. आम्ही खूश! पण खोलीत पुराचं पाणी घरात शिरलेला एकही माणूस नव्हता.

म्हणून फी भरण्याआधी एवढं विचाराच: ज्यांचा प्रश्न आहे ती माणसं खोलीत असणार का? आणि कोर्स संपल्यावर पुन्हा त्यांच्यात जाऊन करून बघायला लावणार का? दोन दिवस चिकटचिठ्ठ्या लावून घरी पाठवणार असतील, तर ते पैसे वाचवा.

आम्ही पुढच्या आठवड्यात तो कागद घेऊन नदीकाठच्या चिखली गावाकडं गेलो. एका दूधवाल्या काकांनी तो अंगणात पसरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "फुटाचा आकडा मला मोबाईलवर येतोय की. पण रात्री दोनला ३९ झालं, तर म्हशी कुठं न्यायच्या? वैरण कोण देणार? ते कुठाय ह्यात?"

कागदावर म्हैस नव्हती. मी पेन त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी गोठ्यापासून पहिली रेघ ओढली.