ग्राफिक्स कार्डाची निवड आणि त्याचा खरा खर्च

श्रोतेहो, नमस्कार.

संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी किंमत पाहतात आणि त्या किमतीत बसणाऱ्या कार्डांपैकी ज्याच्या नावातला आकडा मोठा, त्याच्याकडे वळतात. हा क्रम बदलावा, असा माझा आग्रह आहे. सुरुवात आपल्यासमोरच्या पडद्यापासून करावी, कारण कार्डाला किती काम करावे लागणार हे तोच ठरवतो. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे हलत्या दृश्यातल्या प्रत्येक स्थिर चित्रासाठी, सुमारे २० लाख ७० हजार बिंदूंचे रंग ठरवावे लागतात. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर हीच संख्या सुमारे ३७ लाख होते, आणि ज्याला फोर-के म्हणतात त्या ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर ती सुमारे ८३ लाख, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट होते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी कार्डाला १७ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. १४४ हव्या असतील तर जेमतेम ७. ज्याचा पडदा ६० हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो, त्याने सेकंदाला २०० फ्रेम काढणारे कार्ड घेतले, तर स्पर्धात्मक खेळांत प्रतिसाद थोडा जलद मिळतो हे खरे, पण उरलेल्या फ्रेम पूर्णपणे कधी दिसतच नाहीत आणि वीज मात्र त्या प्रत्येक फ्रेमसाठी खर्च होते.

नावावर विसंबणे किती धोक्याचे असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण एनव्हिडियाच्या जीटी १०३० या कार्डाचे आहे. २०१७ मध्ये ते जीडीडीआर५ प्रकारची मेमरी घेऊन आले आणि त्या मेमरीतून सेकंदाला ४८ गिगाबाइट माहिती ये-जा करू शकत होती. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड निघाले आणि हा वेग १७ गिगाबाइटांच्या आसपास आला. नाव तेच राहिले, काम मात्र पार मंदावले. आरटीएक्स ३०५० च्या बाबतीतही ८ गिगाबाइट आणि ६ गिगाबाइट या दोन आवृत्त्यांमध्ये फक्त मेमरीचा फरक असावा असे वाटते. प्रत्यक्षात पहिलीत २५६० गणनाकेंद्रे आहेत आणि दुसरीत २३०४. तरीही या दुसऱ्या आवृत्तीला मी टाकाऊ म्हणणार नाही. ती केवळ ७० वॉट घेते, तर पहिलीला १३० वॉट लागतात. मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डावरचा, कार्ड बसवण्याचा स्लॉट स्वतःहून ७५ वॉटपर्यंत वीज देऊ शकतो, त्यामुळे या छोट्या आवृत्तीला बहुधा वेगळी केबल जोडावी लागत नाही, आणि जुन्या, लहान पॉवर सप्लायच्या संगणकात तीच योग्य ठरते.

यावरून विजेच्या विषयाकडे येऊ. २०१६ चे जीटीएक्स १०८० हे त्या वेळचे उच्च श्रेणीचे कार्ड १८० वॉटचे होते. २०२५ चे आरटीएक्स ५०९० तब्बल ५७५ वॉटचे आहे. स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेखेरीज सहा पिनांची जोडणी ७५ वॉट, आठ पिनांची १५० वॉट आणि नवी सोळा पिनांची ६०० वॉटपर्यंत वीज देते. आपल्या पॉवर सप्लायवर यांपैकी कोणत्या जोडण्या किती आहेत, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे. शिवाय खोक्यावर लिहिलेला वॉटचा आकडा हा साधारण कमाल वापर असतो; काही मिलिसेकंदांपुरती कार्डाची मागणी त्याच्या बरीच वर उसळते आणि पॉवर सप्लाय जेमतेम क्षमतेचा असेल, तर ऐन खेळात संगणक बंद पडतो. पॉवर सप्लायसाठीच्या एटीएक्स ३.० या २०२२ च्या मानकात अशा उसळ्या सहन करण्याची अट घातली गेली, ती याच अनुभवामुळे.

बिलाचा हिशेबही सोपा आहे. २०२१ चे आरटीएक्स ३०६० हे १७० वॉटचे, तर २०२३ चे आरटीएक्स ४०६० हे ११५ वॉटचे. रोज चार तास पूर्ण भाराने वापर धरला, तर ५५ वॉटच्या या फरकाचे वर्षाला सुमारे ८० युनिट होतात, आणि कार्ड पाच वर्षे वापरले तर ४००. आपल्या वीजदराने त्याला गुणावे आणि ती रक्कम कार्डाच्या किमतीत मिळवूनच तुलना करावी. जो दिवसाला तासभरच खेळतो, त्याच्यासाठी हा आकडा चौथाईवर येतो; त्याने विजेच्या बचतीपायी महागडे कार्ड घेण्यात अर्थ नाही. मात्र खर्च झालेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते आणि ती बाहेर टाकण्यासाठी पंखे आवाज करतात, ही बाब कोणत्याही बिलात दिसत नाही.

विजेचा वापर काही प्रमाणात आपल्या हाती असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. चिपचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि कारखान्यातून कार्ड बाहेर पडताना शेवटचे काही टक्के वेग मिळवण्यासाठी व्होल्टेज बरेच वर नेलेले असते. ड्रायव्हरसोबतच्या किंवा तत्सम सॉफ्टवेअरमधून वीजमर्यादा १५–२० टक्क्यांनी खाली आणली, तर वेगात साधारणतः थोड्याच टक्क्यांची घट होते.

मेमरीचे तसे नाही. ती बोर्डावर कायमची डकवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. खेळातील पृष्ठभागांची चित्रे तिच्यात मावली नाहीत, की कार्डाला ती संगणकाच्या मुख्य मेमरीतून पुन्हा पुन्हा मागवावी लागतात. टेबल लहान म्हणून प्रत्येक कागद शेजारच्या खोलीतून आणणाऱ्या कारकुनासारखी त्याची अवस्था होते. सरासरी वेग कदाचित बरा दिसतो, पण मध्येच चित्र अडखळते. म्हणून परीक्षणे वाचताना सरासरीबरोबर सर्वांत संथ एक टक्का फ्रेमांचा वेगही पाहावा. वर सांगितलेल्या ३०६० आणि ४०६० या जोडीत नवे कार्ड वेगवान आणि काटकसरी आहे, पण त्याची मेमरी ८ गिगाबाइट आहे आणि जुन्याची १२. केवळ १०८० च्या पडद्यावर खेळणाऱ्याला मी नवे सुचवेन. त्रिमितीय आराखड्यांचे काम करणाऱ्याला किंवा घरच्या संगणकावर भाषा-प्रारूपे, म्हणजे मजकूर लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची सॉफ्टवेअर, चालवू पाहणाऱ्याला जुने.

राहता राहिली वैशिष्ट्ये. कमी बिंदूंचे चित्र काढून ते मोठे करण्याची तंत्रे आता तिन्ही उत्पादकांकडे आहेत: एनव्हिडियाचे डीएलएसएस २०१८ पासून, एएमडीचे एफएसआर २०२१ पासून आणि इंटेलचे एक्सईएसएस २०२२ पासून. ही तंत्रे खरोखर उपयोगी आहेत, मात्र आपण खेळत असलेल्या खेळात त्यांची सोय केलेली असेल तरच. दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये तयार केलेली फ्रेम घालण्याच्या तंत्राबाबत मी अधिक सावध आहे. त्याने पडद्यावरची हालचाल गुळगुळीत दिसते, पण बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही, उलट थोडा वाढतोच. त्यामुळे अशा फ्रेम धरून काढलेला वेगाचा आकडा दुसऱ्या कार्डाच्या खऱ्या फ्रेमांशेजारी ठेवणे ही दिशाभूल आहे. ज्यांचे व्यावसायिक सॉफ्टवेअर क्युडावर, म्हणजे एनव्हिडियाच्याच कार्डांसाठीच्या गणनाप्रणालीवर, अवलंबून आहे, त्यांना निवडीला वावच नाही. व्हिडिओ करणाऱ्यांनी एन्कोडरची, म्हणजे व्हिडिओ आटोपशीर करून साठवणाऱ्या भागाची, चौकशी अवश्य करावी, कारण एएमडीच्या २०२२ च्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डात तो नव्हताच. शिवाय त्या कार्डाला मदरबोर्डशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या चारच वाहिन्या होत्या, त्यामुळे जुन्या पिढीच्या मदरबोर्डवर त्याचा वेग आणखी घटत असे.

वापरलेले कार्ड घेणाऱ्यांसाठी एक सूचना. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरील उत्खनन, म्हणजे गणिते सोडवून नवे चलन मिळवणे, बंद झाले आणि अहोरात्र राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. अशा कार्डाची चिप बहुधा ठीक असते. झिजतात ते पंखे आणि सुकते ती चिपवरची उष्णतावाहक पेस्ट. म्हणून व्यवहारापूर्वी कार्ड अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून तापमान किती चढते, पंखे खरखरतात का आणि चित्रात ठिपके उमटतात का, हे पाहावे. तेवढी मुभा विक्रेता देत नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ते कार्ड घेऊ नये. नमस्कार.