सापाची कात आणि थंडीतली कोरडी हवा

(टोरांटोजवळ मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. जानेवारी-फेब्रुवारीत मला साप पाळणाऱ्या घरांतून जे फोन येतात, ते बहुतेक एकाच कारणासाठी असतात. मुलांनी हट्टानं आणलेला बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक असतो. उन्हाळाभर सगळं सुरळीत चाललेलं असतं, आणि आता त्याच्या अंगावर जुन्या कातीचे तुकडे जागोजागी चिकटून बसलेले असतात. "काका, ओढून काढू का?" असं पोरं विचारतात. नाही, बाळांनो, ओढायचं नाही. कात टाकणं हे सापाचं काम आहे आणि ते त्याला उत्तम येतं. आपल्याकडे काम आहे ते त्याच्या पेटीतली हवा सांभाळायचं.

आधी आत काय घडतं ते बघू. माणसाची त्वचा रोज थोडी थोडी झडते, आपल्याला कळतही नाही. सापाचं तसं नाही. जुन्या थराखाली डोक्यापासून शेपटीपर्यंत एक अख्खा नवा थर तयार होतो. तो तयार होत आला की दोन्हींच्या मध्ये द्रव पाझरतो आणि त्यातली विकरं जुना थर सुटा करू लागतात. बाहेरून तुम्हाला काय दिसतं? रंग मळकट पडतो, बॉल पायथनचं पोट गुलाबी दिसायला लागतं आणि मग डोळे निळसर, दुधाळ होतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसवलेला असतो आणि कातीबरोबर तोही बदलतो. त्याच्या खालीही हा द्रव भरतो, त्यामुळे तेवढे दिवस सापाला धूसर दिसतं. आपली मुलं याला ‘ब्लूमध्ये आलाय’ म्हणतात. धड दिसत नसल्यामुळे साप बिचकतो, लपून राहतो, एरवी शांत असलेलाही फुत्कारतो. बरेच साप या दिवसांत अन्नाला तोंड लावत नाहीत. त्यात आजारपण काही नाही. त्याला उचलू नका, खाण्याचा आग्रह करू नका. नवी त्वचा अजून कोवळी असते, तिला इजा लवकर होते.

यानंतर बऱ्याच जणांची फसगत होते. डोळे पुन्हा स्वच्छ होतात. घरच्यांना वाटतं, झालं वाटतं! प्रत्यक्षात कात अजून अंगावरच असते आणि ती साधारण तीन-चार दिवसांनी उतरते. ओल सगळ्यात जास्त लागते ती याच दिवसांत, आणि नेमकं तेव्हाच आपलं लक्ष उडालेलं असतं. रंग मळकट पडल्यापासून कात पडेपर्यंत एकूण एक ते दोन आठवडे जातात. वाढत्या वयाचं पिल्लू चार-सहा आठवड्यांनी कात टाकतं, मोठा साप वर्षातून काही मोजक्याच वेळा.

प्रत्यक्ष कात उतरताना बघायला मिळाली तर मुलांना जरूर बोलवा, फक्त पेटीला हात लावू नका. साप जबडा ताणतो, नाक लाकडाच्या सालीवर, दगडावर घासतो. ओठांच्या कडेची कात सुटून मागे वळते. मग तो कुठेतरी फटीत, फांदीच्या बेचक्यात ती अडकवून पुढे सरकत राहतो आणि मोजा उलटा करत काढावा तशी कात मागे मागे उलटत जाते. म्हणून पेटीत खडबडीत साल किंवा फांदी असलीच पाहिजे. नुसत्या गुळगुळीत प्लास्टिकच्या पेटीत त्यानं घासायचं कशावर?

आता आपल्या इथल्या हिवाळ्याकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. बाहेरची उणे १० अंशांची हवा घरात येते आणि फर्नेसवर, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्रावर, २१ अंशांपर्यंत तापते. तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची पाणी धरायची ताकद कितीतरी वाढलेली असते. त्यामुळे तिची सापेक्ष आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास उतरते. आपला स्वयंपाक, अंघोळी, श्वास यांची वाफ मिसळते म्हणून घरात ती २०-३० टक्क्यांवर टिकते. बॉल पायथन मूळचा घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचा. तिथे तो दिवसभर उंदरांच्या बिळात, वाळवीच्या वारुळात पडून असतो. वर कोरडा वारा असला तरी बिळातली हवा दमट असते. त्या प्राण्याला आपण वर जाळी असलेल्या काचेच्या पेटीत ठेवतो, वर उष्णतेचा दिवा लावतो आणि मग कातीचे तुकडे का झाले म्हणून विचारतो! दोन थरांमधला ओलावा सुकला की ते सुटे होण्याऐवजी चिकटतात. अख्खी, एकसंध कात पडली तर पेटी ठीक आहे. तुकडे पडले तर आधी पेटी तपासा.

बॉल पायथनला एरवी ६० टक्के आर्द्रता हवी, कात येताना ७०-७५पर्यंत. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, त्याला एरवी ४०-५० टक्के पुरते, या दिवसांत थोडी वाढवायची. मोजायला डिजिटल आर्द्रतामापक घ्या. काट्याच्या गोल तबकड्यांवर माझा विश्वास नाही. जाळीच्या झाकणाचा मोठा भाग अ‍ॅल्युमिनियम फॉइलनं झाका, पण हवा खेळती राहील एवढी जागा सोडा. नुसता फवारा मारून भागत नाही, ते पाणी काही तासांत उडून जातं. त्यापेक्षा नारळाच्या भुशाचा जाड थर घाला आणि कोपऱ्यांत पाणी ओता, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि साप पडतो तो वरचा थर कोरडा.

आणि एक ओलसर डबा ठेवा. लहान कॉर्न स्नेकसाठी श्रीखंडाचा रिकामा डबा छान चालतो. झाकणाला साप सहज आत जाईल एवढं भोक पाडा आणि त्याची कड सँडपेपरनं घासून गुळगुळीत करा. हे विसरू नका, कोवळी त्वचा त्या कडेवरूनच जाणार आहे. आत स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, भिजवून, मुठीत घट्ट पिळून भरा. हाताला ओलं लागावं, पण पाणी ठिबकू नये. डबा उबेच्या बाजूला, पण दिव्याच्या थेट खाली नाही. साप आपलं आपण ठरवतो, कधी आत जायचं आणि कधी बाहेर यायचं. अर्थात ओल म्हणजे चिखल नव्हे. सतत ओल्या तळावर पडून राहिला तर पोटाच्या खवल्यांना फोड येतात, आणि गारठा व ओल एकत्र आली तर फुप्फुसाचा संसर्ग होतो. ऊब कमी करून ओल वाढवू नका.

पुण्या-नाशिकचे नातेवाईक हे फोटो बघून विचारतात, आम्ही धामण पाळू का? त्यांना स्पष्ट सांगा. भारतातले वन्य साप पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. जखमी साप दिसला तर वनविभागाला किंवा सर्पमित्राला बोलवायचं. आणि सापाला दूध पाजायचं नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही. तो मांसाहारी प्राणी आहे. त्याला लागतं ते स्वच्छ पाणी, आणि कातीच्या दिवसांत तर भरपूर लागतं.

कात पडली की ती फेकायच्या आधी नीट बघा. डोक्याचा भाग उजेडात धरा. दोन्ही डोळ्यांच्या जागी पारदर्शक घुमट दिसले पाहिजेत. तिथे नुसतं भोक दिसलं तर तो खवला सापाच्या डोळ्यावरच राहिला आहे. मग शेपटीचं टोक बघा, ते कातीत आलं आहे ना? कातीची लांबी सापापेक्षा जास्त भरते, खवल्यांमधली घडीची त्वचाही ताणली जाते म्हणून. साप तेवढा लांब झाला असं मुलं आनंदानं सांगतात, त्यांना हे समजावून सांगा. आणि हात साबणानं धुवायला लावा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू असू शकतो, घरात लहान बाळ असेल तर यात हयगय नको.

कात अडकलीच तर? हवाबंद नसलेल्या डब्यात २८-३० अंशांचं कोमट पाणी घ्या, सापाच्या अंगाच्या निम्म्या उंचीइतकंच. वीस मिनिटं त्यात राहू द्या आणि तुम्ही तिथेच बसा. मग ओल्या टॉवेलच्या घड्यांमधून त्याला आपणहून सरकू द्या. घर्षणानं जे सुटेल ते सुटेल. जे सुटलं नाही ते उद्या पुन्हा. शेपटीवर कातीचं कडं राहिलं असेल तर मात्र चालढकल करू नका. ते सुकून आवळतं, रक्तपुरवठा तुटतो आणि शेपटीचं टोक गळून पडू शकतं. डोळ्याच्या बाबतीत मी हात जोडून सांगतो, चिमटा नाही, चिकटपट्टी नाही, नख नाही. खालचा डोळा कायमचा जाऊ शकतो. आर्द्रता वाढवून पुढच्या कातीची वाट बघा. बहुतेकदा जुना खवला तिच्याबरोबर निघून येतो.

पुढच्या कातीलाही निघाला नाही, डोळा सुजलेला दिसला, किंवा हवा नीट असूनही कात पुन्हा पुन्हा तुकड्यांत पडू लागली, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे जा. कदाचित गोचीड-माइट्स असतील, खवल्यांच्या कडेला आणि पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके दिसतात का बघा. कदाचित आत दुसरा आजार असेल. जाताना पडलेली कात पिशवीत घालून न्या, आणि पेटीतलं तापमान, आर्द्रता आणि शेवटचं कधी खाल्लं हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.