शनिवारी बंद राहणारं बंदर

ही ग्रीसमधल्या थेसालोनिकी या बंदराच्या शहराची अ‍ॅरिस्टॉटल युनिव्हर्सिटी. लेक्चर संपवून पोरं बाहेर आलीत, कुणी कोल्ड कॉफी घेऊन कट्ट्यावर बसलंय, कुणी मोबाईलवर, कुठल्याही कॉलेजात दिसतं तसंच सगळं. आणि यांच्या पायाखाली, या अख्ख्या कॅम्पसखाली, ज्यूंचं कब्रस्तान होतं. तीन लाखांच्या वर कबरी होत्या इथे, शतकानुशतकांच्या.

या शहरात ज्यू वारसा बघायला लोक जगभरातून येतात, इस्रायलमधून, अमेरिकेतून, आणि बरेचजण तर आपल्या पणजोबांचं घर कुठल्या गल्लीत होतं ते शोधत येतात. टूरवाले मार्केट दाखवतात, समुद्राकडचे जुने बंगले दाखवतात, ते बघाच, सुंदर आहेत. पण माझं ऐकाल तर सुरुवात इथून करा. कारण या शहरात जे उरलंय त्यापेक्षा जे नाहीये ते कितीतरी मोठं आहे, आणि ते इथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

१४९२ साली स्पेनच्या राजा-राणीने ज्यूंना सांगितलं, धर्म बदला नाहीतर देश सोडा. हजारो माणसं निघाली आणि ऑटोमन, म्हणजे तुर्की साम्राज्याचा सुलतान दुसरा बायझीद याने त्यांना आपल्या राज्यात येऊ दिलं, त्यातली खूप जणं या बंदरात उतरली. लोकरीचं कापड विणायची कला त्यांनी सोबत आणली होती, पुढे जॅनिसरींच्या, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळाच्या, अंगावरचं कापड इथेच विणलं जायचं. आणि भाषा आणली, स्पेनची. त्या जुन्या स्पॅनिशला लादिनो म्हणतात, ती इथल्या घराघरात चारशे वर्षांहून जास्त बोलली गेली. म्हणजे बघा, ज्या देशाने हाकललं त्याच देशाच्या भाषेत आई मुलाला जेवायला हाक मारायची. फक्त रविवारला ही माणसं स्पॅनिशमधला ‘दोमिंगो’ म्हणायची नाहीत, कारण त्या शब्दात ख्रिश्चनांचा देव येतो, म्हणून ‘अल्हाद’ म्हणायची, अरबीतून आलेला शब्द.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरातली जवळपास निम्मी वस्ती ज्यू होती. नुसते श्रीमंत व्यापारी नाही हं, गोदीतले हमाल, कोळी, तंबाखूचे कामगार, सगळे. त्यामुळे शनिवारी, म्हणजे शब्बाथला, ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, अख्खं बंदर बंद. जहाज आलं तरी थांबायचं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आपलं कोकण आठवलं, अलिबाग-पेणकडे बेने इस्रायल लोकांना, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंना, गाव ‘शनिवार तेली’ म्हणायचं, का तर शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा. तिथे एक घाणा थांबायचा, इथे एवढं मोठं बंदर थांबायचं, पण गोष्ट तीच.

१९१२ मधे शहर ग्रीसकडे आलं. १९१७ च्या ऑगस्टमधे मोठी आग लागली, ७० हजारांहून जास्त लोक बेघर झाले, त्यात बहुसंख्य ज्यू, आणि कित्येक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जळाली. मग तुर्कस्तानातून ग्रीक निर्वासित आले, वस्तीचं गणित बदललं, १९२४ मधे रविवारची सुट्टी सक्तीची झाली. शनिवारचं बंदर तिथेच संपलं.

एप्रिल १९४१ मधे जर्मन आले. ११ जुलै १९४२, पुन्हा शनिवारच. एलेफ्थेरियास चौकात, म्हणजे स्वातंत्र्य चौकात, १८ ते ४५ वयाच्या सुमारे नऊ हजार ज्यू पुरुषांना भर उन्हात तासन् तास उभं केलं, मारलं, कवायती करायला लावल्या. नंतर कित्येक वर्षं त्या चौकात लोक गाड्या पार्क करायचे. आता कोपऱ्यावर स्मारक आहे, सात फाट्यांची मेनोरा, म्हणजे ज्यूंची दिव्यांची समई, ज्वाळा आणि त्यात गुंतलेली माणसांची शरीरं. तिथे घाई करू नका.

त्याच वर्षी डिसेंबरमधे कब्रस्तान तोडलं. परवानगी जर्मनांची, पण कामगार लावले ते इथल्या महापालिकेने, हे स्पष्ट बोललंच पाहिजे. संगमरवराच्या त्या शिळा बांधकामाचं सामान म्हणून शहरभर गेल्या, भिंतींत, अंगणांत, फरशीत, चर्चच्या दुरुस्तीतसुद्धा. नंतर त्या जागेवर युनिव्हर्सिटी पसरली. कॅम्पसमधे स्मारक उभं राहायला २०१४ साल उजाडलं. तेव्हाचे महापौर यानिस बुतारिस यांनी शहराने इतकी वर्षं गप्प बसल्याची लाज वाटते असं तिथे जाहीरपणे सांगितलं. ज्यू पर्यटकांना मनापासून बोलावलं तेही याच माणसाने, आणि त्याचा मला फार आदर वाटतो, कारण टुरिझम वाढवायचा तर नुसतं छान छान दाखवता आलं असतं.

आयिऊ मिना रस्त्यावरच्या ज्यू म्युझियममधे जा. तळमजल्यावर त्या कब्रस्तानातून वाचलेल्या शिळा ठेवल्यात. हिब्रू अक्षरं खोल कोरलेली, काहींचा कोपरा तुटलेला, काहींवर अर्धंच नाव उरलंय. शेजारी कब्रस्तानाचे जुने फोटो आहेत, आधी फोटो बघा आणि मग पुन्हा शिळा बघा.

तिथून मोनास्तिर सिनेगॉग चालत जाण्यासारखं आहे. १९२७ चं, मोनास्तिरहून, म्हणजे आजच्या उत्तर मॅसेडोनियातल्या बितोलाहून, आलेल्या कुटुंबांनी बांधलेलं. युद्धात रेड क्रॉसने ते गोदाम म्हणून वापरलं म्हणून वाचलं. जवळच मोदियानो मार्केट, आगीनंतर एली मोदियानो या ज्यू आर्किटेक्टने बांधलेलं, २०२२ मधे पुन्हा सुरू झालंय. आज शहरात ज्यू उरलेत ते साधारण हजारभर.

शेवटी जुन्या रेल्वे स्टेशनकडे या. इथेच बॅरन हिर्श या ज्यू वस्तीला कुंपण घालून लोकांना कोंडलं होतं. १५ मार्च १९४३ ला पहिली गाडी सुटली, जनावरांचे डबे, आउशवित्झला, पोलंडमधल्या नाझींच्या मृत्युछावणीला. ऑगस्टपर्यंत ४५ हजारांहून जास्त माणसं नेली, त्यातली बहुतेक सगळी मारली गेली. त्यांना सांगितलं होतं की पोलंडमधे क्राकोला नवीन वसाहत आहे, तिथे काम मिळेल, घर मिळेल. म्हणून निघायच्या आधी त्यांच्याकडचे द्राख्मा, म्हणजे ग्रीक पैसे, काढून घेतले आणि बदल्यात पोलिश झ्लोटी दिले. ते झ्लोटी खोटे होते. नव्या गावात लागतील म्हणून लोकांनी ते सोबत घेतले.