५० की २००? तळाचा आवाज ऐकताना

(दृश्य: रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर मागे पडतंय. केबिनमध्ये फिश फाइंडरचा स्क्रीन.)

तांडेलासमोर, म्हणजे बोटीच्या प्रमुखासमोर, फिश फाइंडर आहे: आवाजाने मासळी शोधणारं यंत्र. त्याच्या स्क्रीनचे दोन भाग आहेत. डावीकडे ५० किलोहर्ट्झ वारंवारतेच्या आवाजाचं चित्र, उजवीकडे २०० चं. बोट तीच, पाणी तेच, चित्रं मात्र वेगळी. डावीकडचा तळ सपाट, लाल. उजवीकडे तोच तळ खोलगट, आणि त्या खळग्यात पिवळे ठिपके. मासळी!

मग डावीकडची मासळी गेली कुठे?

(दृश्य: ॲनिमेशन. बोटीखाली दोन शंकू, एक रुंद, एक निमुळता.)

बोटीच्या बुडाला बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात शंकूसारखा पसरणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट बघतो. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. यंत्र मोजतं ती फक्त वेळ. प्रतिध्वनी सरळ खालून आला की बाजूने, हे त्याला कळत नाही. सगळी गोम इथेच आहे.

बावीस वाव पाणी धरा, म्हणजे ४० मीटर. नेहमीच्या ट्रान्सड्यूसरमध्ये ५० चा शंकू ४५ अंशांच्या आसपास उघडतो आणि तळावर ३३ मीटर रुंद वर्तुळ व्यापतो. २०० चा कोन १२ अंशांच्या आसपास, वर्तुळ जेमतेम ८ मीटर. आता बोटीपासून दहा मीटर बाजूला तीन मीटर उंच खडक आहे. त्याचं टोक बोटीपासून तिरकं ३८ मीटर. बोटीच्या अगदी खाली, तळापासून मीटरभर वर असलेली मासळी ३९ मीटरवर. ५० च्या शंकूत दोन्ही येतात. खडकाचा प्रतिध्वनी आधी पोचतो, यंत्र त्यालाच तळ समजतं, आणि मासळी त्या लाल पट्ट्यात बुडते. २०० च्या शंकूत खडक येतच नाही.

खडपाळ जागी २०० लावायचं ते म्हणून.

मग ५० कशाला? खोल पाण्यासाठी. वारंवारता जितकी जास्त, तितका आवाज खाऱ्या पाण्यात लवकर विरतो; पाण्यातलं मॅग्नेशियम सल्फेट तो शोषून घेतं. शंभर वावांपलीकडे २०० चं चित्र फिकं पडू लागतं, ५० तग धरतं. पण मुंबईसमोर भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सुमारे ३०० किलोमीटर पसरलेला आहे. तिथे उथळ पाण्यात फिरणाऱ्या बोटीला, यंत्र किती खोल बघतं या दुकानदाराच्या बढाईचा काय उपयोग?

(दृश्य: लिलावात घोळ मासा. पोटातून काढलेलं बोत.)

माशाचा प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. घोळीची हीच पिशवी म्हणजे बोत; जे बोत सोन्याच्या भावाने जातं, तेच स्क्रीनवर ठसठशीत उमटतं. मुशीला (छोट्या शार्कला) आणि माकूलला (स्क्विडला) अशी पिशवीच नाही. त्यांची खूण फिकी येते, आणि नवखा माणूस ती कचरा समजून गेन, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, कमी करतो.

बांगड्याच्या थव्यावर चार बोटी जमल्या, सगळ्यांचं यंत्र २०० वर, की स्क्रीनवर तिरक्या रेषांचा पाऊस पडतो. दुसऱ्याच्या बोटीचा आवाज आपल्या यंत्रात शिरतो. अशा वेळी तांडेल बटण दाबून ५० वर जातो. थवा मधल्या पाण्यात असेल तर रुंद शंकू उलट फायद्याचाच.

(दृश्य: मासेमारी बंदीचा काळ. किनाऱ्यावर ओढलेली बोट.)

१ जून ते ३१ जुलै बोटी वर असतात. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर शेवाळ आणि शिंपले चढलेले असतात. खलाशी ते लाकडी पट्टीने खरवडतोय. लोखंडी पात्याने चरा पडतो.